सड्यावरच्या रेषा

(कशेळी, तालुका राजापूर. सकाळ. ड्रोन कातळावरून उठतो.)

उभ्याने पाहिलं तर इथे काहीच नाही. वाळलेलं गवत, पायाखाली खरखरीत जांभा आणि मध्येच एखादी खाच. ती थोडी पुढे जाते, वळते, दुसऱ्या खाचेला मिळते आणि नजरेतून निसटते.

आता कॅमेरा वर जाऊ दे.

ही पाठ. ही सोंड. हे पाय. १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती. त्याच्या रेषेच्या आत पाहा, लहान-मोठी जनावरं, जलचर, पक्षी दाटीवाटीने कोरलेले आहेत. ज्यांनी हे कोरलं, त्यांना हा हत्ती आपण पाहतोय तसा वरून एकदाही पाहता आला नसेल. तरीही त्याच्या पाठीचा बाक कुठे ढळलेला नाही.

(बारसू. माणसाची आकृती, दोन्ही बाजूंना वाघ.)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, सत्तरहून अधिक ठिकाणी अशी कातळशिल्पं सापडली आहेत. आकृत्या मोजल्या तर १,००० च्या वर जातात. थेट गोव्यात, कुशावतीच्या काठी उसगाळीमळला त्यांचीच भावंडं भेटतात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं गावोगाव फिरले. गुराख्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारत राहिले. बहुतेक ठिकाणी गावाला चित्र ठाऊक होतं. विचारणारंच कुणी आलं नव्हतं.

(चिरेखाणीचा उभा छेद. लाल, पिवळट थर.)

चित्राआधी दगड समजून घ्यायला हवा. जांभा हा मूळचा काळा पाषाण. लाखो वर्षांच्या उन्हापावसाने तो कुजला, त्यातली सिलिका धुपून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. हा लाल रंग त्या लोखंडाचा. खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. कोकणातली घरं उभी राहिली ती याच गुणावर. सड्याच्या माथ्यावर मात्र हवेने आणि उन्हाने आधीच काळपट, टणक पापुद्रा धरलेला असतो. तो फोडला की आतला तांबडा रंग दिसतो. म्हणजे रेषा आणि रंग दोन्ही दगडानेच दिले. वर माती नाही, म्हणून झाडी नाही, म्हणून १८ मीटरचा हत्ती मावेल एवढी सलग मोकळी जागा. अशा आडव्या, विस्तीर्ण चित्रांची कल्पना अशा सड्यावर सुचू शकते.

(देवाचे गोठणे. तळहातावर होकायंत्र.)

देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्र धरलं की सुई आपली दिशा सोडते. ड्रोनच्या पोटातही असंच एक होकायंत्र असतं. त्यामुळे अशा जागी उड्डाण करणाऱ्याला यंत्राआधी दगडाचा स्वभाव पाहावा लागतो.

(ब्रश फिरवणारे हात. मोजपट्टी. ड्रोन सरळ रेषेत मागे-पुढे.)

काम कसं चालतं ते नीट पाहा. आधी मऊ ब्रशने पालापाचोळा आणि माती बाजूला. तारेचा ब्रश अजिबात नाही. खडू किंवा चुनाही नाही. फोटोत आकृती उठून दिसावी म्हणून पूर्वी रेषांमध्ये चुना भरला जाई. त्याने दगडाचा पृष्ठभाग बिघडतो आणि रेषा कुठून कुठे जाते हे चुना भरणाराच ठरवून टाकतो. आता चारही बाजूंना मोजपट्ट्या ठेवतात. ड्रोन नांगरणीसारखे तास धरून फिरतो, एक ओळ संपली की शेजारची. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा यावा लागतो. तोच बारीक खड्डा, तोच कंगोरा वेगवेगळ्या कोनांतून दिसला की संगणक त्याची जागा आणि खोली काढतो.

(संगणकाचा पडदा. ठिपके, मग जाळी, मग कातळ.)

आधी नुसते ठिपके दिसतात. मग त्यांची जाळी विणली जाते. मग जाळीवर कातळाचा रंग चढतो. आता दगडाला हात न लावता त्यावरचा उजेड फिरवता येतो. भर दुपारी सड्यावर रेषा सपाट होऊन विरून जातात, त्या सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच उमटतात. इथे संगणकातला सूर्य हवा तितका खाली आणायचा. पाहा, आतापर्यंत दगडाची नैसर्गिक भेग वाटत होती, ती रेषा आहे. आणि इथे एका आकृतीवरून दुसरी गेलेली दिसते. कुठली आधीची, कुठली नंतरची, हा शोध इथून सुरू होतो.

(गेंड्याची आकृती.)

हा गेंडा. आज कोकणात गेंडा नाही. कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र तो होता. इथल्या हवापाण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी ही खाच हाडाच्या अवशेषाइतकीच मोलाची आहे.

(पावसाळा. पाण्याने भरलेल्या रेषा. फुलं.)

जूनमध्ये हाच कातळ पाहा. रेषांत पाणी साचतं आणि आकृती आभाळाच्या रंगाने भरते. पहिल्या पावसात दिपकाडी डोकं वर काढते. ही पांढरी फुलं कोकण-गोव्याच्या अशा सड्यांखेरीज फारशी कुठे भेटत नाहीत. मागून दवबिंदू येते, सीतेची आसवं येतात. दोन्ही कीटक खाणाऱ्या वनस्पती, कारण या कातळावरच्या चिमूटभर मातीत त्यांना पुरेसं अन्न मिळत नाही. ज्या उणिवेने सडा मोकळा ठेवला, तिनेच ही फुलंही घडवली.

(ड्रोन आणखी वर. खाण, कलमांची बाग, रस्ता.)

सरकारी दप्तरात या जमिनीची नोंद बहुतेक पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशीच असते. त्या एका शब्दाच्या आधाराने चिरेखाणी निघतात, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पाडले जातात, रस्ते जातात. २०२३ साली बारसूचा सडा देशभर चर्चेत आला तो रिफायनरीच्या सर्वेक्षणामुळे.

(उक्षी. शिल्पाभोवती जांभ्याची भिंत.)

उक्षीत शिल्पाभोवती भिंत उभी राहिली, ते आवश्यकच होतं. २०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आलं. पुढचं काम हद्दी आखण्याचं आहे. ड्रोनच्या याच फोटोंवरून त्या आखता येतील. ती हद्द हत्तीच्या सोंडेपाशी थांबता कामा नये. पावसाळी डबकी, दिपकाडीचे पट्टे, गुरांच्या वाटा आणि अजून न सापडलेल्या रेषा ज्यावर आहेत, तो अख्खा सडा हद्दीच्या आत हवा.