काचेवरची काळी डबी

व्हर्जिनिया राज्यात शिरताना रस्त्याकडेला दिसणारा फलक रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल लागताच चालकाला सावध करणारे उपकरण, बेकायदा असल्याचे बजावतो. अमेरिकेत खासगी मोटारींना अशी बंदी फक्त या एका राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये आहे. व्यापारी वापराच्या अवजड मालट्रकांना मात्र हे उपकरण देशभर निषिद्ध आहे.

आरशाखाली काचेला चिकटवलेली डिटेक्टरची ही काळी डबी स्वतः वेग मोजत नाही. वेग मोजते ती पोलिसाच्या हातातली रडार गन; ती साधारण २४.१५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून परतताना त्यांची वारंवारिता सुमारे साडेचार हजार हर्ट्झने वाढते आणि तेवढ्या फरकावरून वेग निघतो. गनला लहर परत येण्याची वाट पाहावी लागते, तर डिटेक्टरला फक्त जाणारी लहर टिपायची असते, म्हणून तो बराच आधी वाजतो. डबी लावलेल्या गाडीचे मागचे लाल दिवे नेमके त्याच क्षणी लागतात, आणि पोलीस मागे पडताच गाडी पुन्हा आधीचाच वेग धरते, हे नीट पाहावे. वळणापलीकडे बंद पडलेली गाडी किंवा रस्त्यात आलेले हरीण असल्या कोणत्याही लहरी सोडत नाही. तिथे ही डबी गप्पच राहते.

लपून ऐकणाऱ्या या डबीचा स्वतःचाही सुगावा लागतो. आलेल्या लहरींशी मिसळण्यासाठी तिच्या आत लहरी निर्माण करणारा एक आंदोलक सतत चालू असतो, त्याच्या लहरींचा थोडा अंश बाहेर पाझरतो, आणि तो टिपणारे यंत्र पोलिसांच्या गाडीत असले तर काळोखातही कोणत्या गाडीत डिटेक्टर आहे ते कळते. मग उत्पादकांनी हा पाझर कमी केलेली महागडी मॉडेले काढली. एवढी बुद्धी केवळ पोलिसांना चुकवण्यासाठी खर्ची पडावी, याचे वाईट वाटते.

रडारऐवजी लेझरच्या झोताने वेग मोजणाऱ्या गनपुढे तर डबीला बहुधा उशीरच होतो. ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असलेला तो झोत नेमलेल्या गाडीवरच पडतो आणि सेकंदाच्या आत मोजणी संपते, त्यामुळे इशारा वाजेपर्यंत आकडा पोलिसासमोर आलेला असतो.

व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर गेलेल्या चालकावर बेदरकारपणाचा फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. वीजजोडणी काढून, गाडीतल्या कोणाच्याही हाताला सहज लागणार नाही असा ठेवलेला डिटेक्टर कायद्याला चालतो; म्हणून बाहेरून येणाऱ्याने हद्दीच्या आधीच थांबून तो डिकीत टाकावा.