परडीपुढचा नमस्कार आणि नागरिकाचा हक्क

मित्रहो, लिंगओळखीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, हे सगळे परदेशातून आलेले खूळ आहे. दुसरे म्हणजे, आम्ही अर्धनारीनटेश्वर पुजला, शिखंडी आणि बृहन्नडा महाभारतात सांभाळले, तेव्हा आम्हाला कोणी काही शिकवायला नको. पहिले उत्तर अज्ञानातून येते आणि ते खोडून काढायला वेळ लागत नाही. दुसरे मात्र निम्मे खरे आहे आणि म्हणूनच ते बारकाईने तपासले पाहिजे.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील अनेक गावांत मंगळवारी-शुक्रवारी दारात जोगते, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष, येतात. अंगावर लुगडे, कपाळाला भंडारा, हातात परडी आणि सोबत चौंडक्याचा आवाज. घरची बाई परडीत पीठमीठ घालते, भंडारा लावून घेते आणि पाया पडते. वयात येणाऱ्या मुलाचे चालणे-बोलणे बायकी वाटू लागले, किंवा केसांत जट आली, की यल्लम्माने त्याला धरले असे म्हटले जाते आणि कर्नाटकात सौंदत्तीला देवीच्या देवळात नेऊन त्याच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन बांधले जाते. अशा मुलाला मारून-मुटकून ‘सरळ’ करण्याऐवजी त्याला देवीचे माणूस म्हणणारी ही परंपरा आहे, आणि तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. 2021 साली पद्मश्रीने गौरवल्या गेलेल्या मंजम्मा जोगती याच परंपरेतून आलेल्या आहेत. आपल्या कलेच्या बळावर त्या कर्नाटकच्या जनपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्षही झाल्या.

पण हा मान अटीवर मिळतो. दर्शन बांधले की बहुतेकांची शाळा सुटते, घर दुरावते आणि पोट जोगव्यावर चालवावे लागते. जिची देवीवर श्रद्धा नाही, जिला लुगडे नेसून बँकेत किंवा शाळेत नोकरी करायची आहे, तिच्यासाठी या व्यवस्थेत जागा नाही. जोगत्याच्या पाया पडणारी बाई त्याच जोगत्याला आपल्या वाड्यातली खोली भाड्याने देईल का, हा प्रश्न आपण आपल्या घरापुरता तरी प्रामाणिकपणे विचारावा. संस्कृतीने दिलेली जागा खरी असते, पण ती एकच असते. न्याय सुरू होतो तो ती जागा स्वीकारण्याचे आणि सोडण्याचे स्वातंत्र्य त्या व्यक्तीकडे आल्यावर.

इंग्रजांनी जे केले ते याहून कितीतरी निष्ठुर होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदणी करण्याची तरतूद होती. नोंदलेल्या व्यक्तीने सार्वजनिक जागी बायकी वेश करणे आणि नाचणे हा गुन्हा ठरला. त्याच कायद्याने त्यांचा दत्तक घेण्याचा, पालक होण्याचा आणि मृत्युपत्र करण्याचा अधिकारही काढून घेतला. गुरूमागून चेला अशी परंपरा चालवणाऱ्या समाजाकडून वारसा ठरवण्याचा अधिकार काढून घेणे म्हणजे त्याला मुळापासून तोडणे होते.

याच मृत्युपत्राचा प्रश्न स्वतंत्र भारतात उलट्या बाजूने समोर आला. 1990 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने एका प्रकरणात गुरू-चेल्याची वारसा-रूढी मान्य केली आणि समाजाबाहेरच्या माणसाला घर देणारे मृत्युपत्र त्या रूढीपुढे टिकले नाही. या निकालाकडे बघताना मी सहजासहजी एका बाजूला जाऊ शकत नाही. रूढी नाकारली आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू किंवा मुस्लिम वैयक्तिक कायद्याप्रमाणे मालमत्ता रक्ताच्या नातेवाइकांकडे जाते; ज्यांनी पोराला घराबाहेर काढले तेच त्याच्या मरणानंतर वारस म्हणून उभे राहू शकतात. आजारपणात उशाशी बसलेला चेला मात्र कायद्याच्या लेखी परका ठरतो. शिवाय एकाच डेऱ्यात, म्हणजे गुरू-चेल्यांच्या सामाईक घरात, जन्माने हिंदू आणि मुसलमान असलेले चेले एका गुरूच्या छायेत राहतात, त्यामुळे कोणत्या एका धर्माचा कायदा त्या घराला पुरेल हाही पेच आहेच. पण रूढी सरसकट मानली तर ज्या व्यक्तीने आयुष्यभर कष्ट करून घर बांधले तिला ते कोणाला द्यावे हे ठरवता येत नाही.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांच्या खंडपीठाने, आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीचा आहे असे सांगितले आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही असेही स्पष्ट केले. त्या निकालाने पुराणांतले आणि इतिहासातले दाखले घेतले, पण हक्क मात्र संविधानाच्या अनुच्छेदांवर उभा केला, आणि मला तेच योग्य वाटते. परंपरेत दाखला सापडला म्हणून हक्क मिळत असेल, तर ज्यांना दाखला नाही त्यांचे काय? स्त्री म्हणून जन्मनोंद झालेल्या पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणाऱ्या माणसांसाठी ना परडी आहे ना डेरा. संविधानिक नैतिकता, म्हणजे संविधानाच्या मूल्यांना धरून वागण्याची वृत्ती, ही उपजत भावना नसून ती जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बजावले होते, ते इथे लागू पडते.

ती आपण किती जोपासली, हे पोलीस भरतीच्या अर्जात दिसले. 2014 च्या निकालानंतर आठ वर्षे उलटली तरी महाराष्ट्रात शिपायाच्या भरतीच्या अर्जावर तृतीयपंथी उमेदवारासाठी रकाना नव्हता. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तो ठेवायला सांगितला तेव्हा राज्य सरकार उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर रकाना आला. 2011 च्या जनगणनेत याच राज्यात 40,891 जणांची नोंद ‘इतर’ या लिंगवर्गात झालेली होती.

म्हणून डेऱ्याच्या वारशाबाबत माझी भूमिका अशी आहे की, मृत्युपत्र नसेल तेव्हा गुरू-चेल्याची रूढी रक्ताच्या नात्याआधी धरावी आणि जिथे मृत्युपत्र आहे तिथे त्या व्यक्तीच्या शब्दापुढे ना जन्मदात्या घराचे चालावे ना डेऱ्याचे. सोबत राहून सेवा केलेल्या चेल्याला त्या घरात राहण्याचा आणि पोटगीचा हक्क मात्र मृत्युपत्रानेही काढून घेता येऊ नये. अशी तरतूद करायची तर प्रत्येक धर्माच्या वैयक्तिक कायद्यात हात घालावा लागेल, आणि तो घालताना मसुदा समितीच्या टेबलाशी डेऱ्यातली माणसे बसलेली असावीत, अशी माझी मागणी आहे.