चोर स्विच कुठे बसवलाय, ते विचारू नका

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात वागळे इस्टेटला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न, हेडलाइट, सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा, असली कामं. सव्वीस वर्षं झाली. सोमवारी शटर वर करायच्या आधीच कधीकधी एखादी गाडी दारात उभी असते आणि तिच्या मागच्या फुटलेल्या खिडकीला प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीने लावलेली असते. ती पिशवी पाहिली की मी विचारतो, "काल कुठे गेला होतात? उपवन का येऊर?" पावसाळ्यात उत्तर खारघरच्या डोंगराचं असतं, आणि फ्लेमिंगो आले की पाम बीच रोडचं.

गेल्या पावसात एक ताई अशाच आल्या. मागच्या सीटवरची सॅक गेली होती. मी विचारलं, "काय होतं सॅकमध्ये?" म्हणाल्या, "मुलाचे ओले कपडे आणि रिकामा डबा." चोराच्या हाताला चड्डी-टॉवेल लागला, आणि ताईंचा खर्च मात्र काचेपासून सुरू झाला. दाराची काच ही टफन केलेली असते, फुटली की तिचे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे होतात. पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण जागची हलत नाही, म्हणून चोर तिच्या वाटेला जात नाही. दाराच्या काचेचे अर्धे दाणे सीटवर पडतात आणि अर्धे दाराच्या पोटात. दाराचं अस्तर न काढता नवीन काच घातली, तर खिडकी खाली करताना करकर आवाज येत राहतो. अस्तर काढलं, व्हॅक्यूम मारला, तरी सीटच्या रुळात, बेल्टच्या खाचेत दाणे उरतातच. तीन आठवड्यांनी ताई पुन्हा आल्या, मुलाच्या सँडलच्या तळव्यात रुतलेला एक फिका हिरवा दाणा घेऊन.

हे सांगतोय, कारण माझ्याकडे येणारं बहुतेक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, "दादा, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून काय बसवू?" गाडी नेणारा चोर वेगळा आणि खिडकी फोडणारा वेगळा. आपण पहिल्याच्या भीतीने हजारोंचं सामान बसवतो आणि रोज दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. खिडकी फोडणाऱ्याला तुमच्या गाडीचं काहीच करायचं नसतं. त्याला हात आत घालून काहीतरी ओढायचं असतं, आणि सायरन वाजून कोणी वळून बघेपर्यंत तो रस्त्यापलीकडे असतो. शिवाय सायरनला आता कोण विचारतं? दिवाळीत एक लड लागली की अख्ख्या गल्लीतल्या गाड्या बोंबलतात आणि गॅलरीत कोणी येत नाही. मी सायरन विकतो, तरी हे सांगतो.

तो बघतो काय? सीटवरची बॅग तर बघतोच. चार्जरची लोंबणारी वायर बघतो. मोबाईल स्टँडच्या रबराचा काचेवर उमटलेला गोल बघतो, कारण स्टँड आहे म्हणजे खालच्या कप्प्यात काहीतरी असणार. काही लोक हुशारीने बॅगेवर पेपर नाहीतर चादर पसरतात. अहो, रिकाम्या सीटवर चादर कोण घालतं? आणि सगळ्यांत मोठी चूक तलावपाळीला रोज दिसते. माणूस गाडी लावतो, उतरतो, मागे जातो, डिकी उघडतो, लॅपटॉपची बॅग आत ठेवतो, डिकी आपटतो आणि हात झटकत पाणीपुरी खायला जातो. समोरच्या कठड्यावर बसलेल्या चार माणसांना त्याने बॅग कुठे आहे ते दाखवून दिलं. डिकीत ठेवायचं असेल तर घरूनच ठेवून निघा. मी स्वतः गाडी लावली की डाव्या बाजूचा कप्पा उघडा टाकतो. आत गाडी पुसायचं फडकं दिसतं, बस.

आता एक छोटी सवय. आपण रिमोट दाबतो कसा? पाठ फिरवून, चालता चालता, खांद्यावरून मागे हात करून. शेजारी उभा असलेला माणूस खिशातल्या यंत्राने तेवढा सिग्नल अडवू शकतो. तुम्हाला वाटतं लॉक झाली, प्रत्यक्षात झालेली नसते. तेव्हा तोंड गाडीकडे करून दाबा, इंडिकेटर लुकलुकलेला बघा, आणि हँडल एकदा ओढून बघा. मॉलच्या तळघरात तर नक्कीच.

सिग्नलवरच्या टोळीचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे, ठकठक गँग. तीन हात नाक्याला गाडी थांबली की एकजण काचेवर टकटक करतो, "साहेब, खाली ऑइल गळतंय." तुम्ही उतरता, वाकून बघता. तोवर दुसरा पलीकडचं दार उघडतो. कधी दहा-दहाच्या चार नोटा रस्त्यावर पडलेल्या दाखवतात, "तुमच्याच का हो?" बँकेतून रोकड काढून निघाला असाल तर अशा वेळी उतरायचंच नाही. दारं लॉक, काचा वर, आणि खरंच ऑइल गळत असेल तर पुढच्या पेट्रोल पंपाच्या उजेडात जाऊन बघा. तेवढ्याने इंजिन बसत नाही.

बरं, आता गाडी नेणाऱ्याकडे येऊ. नवीन पुश बटणाच्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. किल्ली खिशात असली की दार उघडतं, कारण गाडी मंद सिग्नल सोडत असते आणि जवळची किल्ली त्याला उत्तर देते. आपण रात्री ती किल्ली कुठे टांगतो? दारामागच्या खुंटीला. एक चोर यंत्र घेऊन दाराबाहेर, दुसरा गाडीपाशी. किल्लीला वाटतं गाडी शेजारी आहे, गाडीला वाटतं किल्ली शेजारी आहे. आणि अशी गाडी एकदा चालू झाली की किल्ली लांब राहिली म्हणून बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात इंजिन बंद होणं धोक्याचं. उपाय स्वस्त आहे. सिग्नल अडवणारं पाकीट मिळतं, किंवा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. पण डब्यावर आंधळा विश्वास नको. किल्ली डब्यात घाला, डबा घेऊन गाडीपाशी उभे राहा आणि दार उघडून बघा. उघडलं तर तो डबा शंकरपाळ्यांनाच ठेवा. दुसरी वाट स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटची. मेकॅनिक स्कॅनर लावतो ना, तेच. तिथून गाडीला नवीन किल्लीची ओळख करून देता येते, म्हणून त्यावर बसणारं लोखंडी झाकण मिळतं.

जुन्या गाड्यांना मात्र माझ्या मते चोर स्विचला तोड नाही. वीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी गाड्यांच्या किल्लीत चिप नव्हती. त्यांच्यात आम्ही टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाच्या वायरीत एक बारीक बटण टाकतो. बटण बंद असलं की स्टार्टर फिरतो, गाडी घुरघुर करते, पण पकडत नाही. चोराला वाटतं गाडीच खराब आहे. बटण कुठे बसवतो ते मी रेडिओवर सांगणार नाही. एका गिऱ्हाईकाने गाडी विकली आणि घेणाऱ्याला स्विचचं सांगायलाच विसरला. नव्या मालकाने दोन दिवस मेकॅनिक फिरवले, शेवटी टो करून माझ्या दारात आणली. मी आत हात घातला, बटण दाबलं, चालू. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. नवीन, वॉरंटीतल्या गाडीची वायर मात्र कोणाला कापू देऊ नका, मलासुद्धा. तिथे स्टिअरिंगला अडकवायचा पिवळा दांडका बरा. दिसतो, हा त्याचा गुण.

जीपीएस? चांगला. पण स्वतःची बॅटरी असलेला घ्या, कारण गाडीच्या बॅटरीची वायर तोडली की नुसत्या तिच्यावर चालणारं यंत्र बंद पडतं. आणि त्याच्या सिमचा रिचार्ज बघा. कितीतरी गाड्यांत यंत्र आहे, दिवा लुकलुकतोय, आणि रिचार्ज संपून वर्ष झालंय.

काही चोरांना ना गाडी हवी, ना बॅग. ईकोवाल्यांना विचारा. शाळेची व्हॅन, केटरिंगवाल्याची व्हॅन. रात्री लावली ती शांत होती, सकाळी किल्ली फिरवली तर ट्रॅक्टरचा आवाज. सायलेन्सर गेला. सायलेन्सरच्या लायनीत धूर स्वच्छ करणारा जो डबा असतो, त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू अगदी थोडे असतात, पण फार महाग. त्या आतल्या मालाला या धंद्यात माती म्हणतात आणि ही माती चांगल्या भावाने विकली जाते. ईकोच्या खाली शिरायला जागा आहे, म्हणून ती सापडते. वागळेत फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पिंजरा करून घ्या. आणि दोन चाकं फुटपाथवर चढवून गाडी लावू नका, त्याने खाली झोपायला आणखी ऐसपैस जागा होते.

नंबरप्लेटचंही बघा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती स्क्रूने नाही, एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने ठोकलेली असते. प्लेट चोरीला गेली तर "पडली असेल कुठेतरी" म्हणून गप्प बसू नका, तक्रार द्या. आमच्या एका गिऱ्हाईकाला कधीही न बघितलेल्या घाटातलं ई-चलान आलं. फोटोत त्याचाच एमएच-०४ चा नंबर, पण गाडीचा रंग वेगळा.

आणि किल्ली कोणाच्या हातात देताय? घोडबंदर रोडला एका लग्नाला गेलो होतो. हॉलच्या दारात पांढऱ्या शर्टातल्या पोराने हात पुढे केला, मी किल्ली दिली. टोकन नाही, पावती नाही. सव्वीस वर्षं लोकांना शहाणपण सांगणारा मी! जेवून आलो तर गाडी मिळाली, पण सीट पुढे सरकलेली आणि काटा अकरा किलोमीटर पुढे. दिल्लीत १९९८ साली एका मोठ्या हॉटेलच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात २०१९ साली संपलं. कोर्टाने हॉटेलला म्हटलं, किल्ली तुम्ही घेतली ना, मग गाडी सांभाळण्यात हयगय झाली नाही हे आधी तुम्ही दाखवा. टोकनवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलं म्हणून सुटका नाही. पण टोकन तरी हवं!

गाडी गेलीच, तर आधी ११२ ला फोन करा. आपल्या हद्दीत येत नाही, असं कोणत्याही पोलीस ठाण्याने म्हणायचं नाही; १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात झिरो एफआयआर स्पष्ट लिहिलेला आहे. फास्टॅगचा मेसेज आला तर लगेच पोलिसांना दाखवा. मात्र ऑक्टोबर २०२४ पासून आनंदनगर, ऐरोली, वाशी या मुंबईच्या टोलनाक्यांवर कारना टोल नाही, तेव्हा गाडी मुंबईकडे गेली तर तिथून मेसेज येईल म्हणून वाट बघू नका. आरसीचा कागद गाडीत ठेवण्याचीही गरज नाही, डिजीलॉकरमधली प्रत चालते.

विम्याचं थोडक्यात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी गाडीची ठरलेली किंमत वयाने उतरते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के वजा धरतात. गाडीतल्या लॅपटॉपचे पैसे त्यात नाहीत. एफआयआर लगेच दिला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. तरी त्याच दिवशी कळवा, कशाला भांडत बसायचं? आणि कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दोन्ही. एक हरवली म्हणालात की प्रश्न सुरू, गाडीतच राहिली होती का, कोणाला दिली होती का.

ऐरोलीच्या एका ओळखीच्यांची गाडी गेली तेव्हा दुसरी किल्ली सापडेना. कपाटं झाली, सूटकेसा झाल्या, नवरा-बायकोचं भांडण झालं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आई गावाहून आल्या आणि म्हणाल्या, "ती काळी किल्ली ना? मी देवघराच्या खणात ठेवलीय, निरांजनाच्या वातींच्या डब्यात. इकडे तिकडे लोळत होती."

नमस्कार.