तापमान तेच असेल तर

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसकडे सरकला की टायर फुटल्याच्या गोष्टी सुरू होतात, आणि अकरावीतलं कुणीतरी सांगतं, ‘हा बॉईलचा नियम.’ तसं नाही. उन्हात टायरमधला दाब वाढतो तो तापमान वाढल्यामुळे. बॉईलचा नियम म्हणतो, कोंडलेल्या हवेचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो; आणि त्याची तर अटच ही, की तापमान बदलायचं नाही.

रॉबर्ट बॉईलनं हा नियम १६६२ साली आकडेवारीसह छापला. त्याचा प्रयोग फार देखणा आहे. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी काचेची नळी, तिच्या आखूड बाजूचं तोंड बंद. लांब बाजूनं पारा ओतत जायचं, म्हणजे आखूड बाजूत कोंडलेली हवा आक्रसत जाते. ती निम्मी झाली तेव्हा दोन्हीकडच्या पाऱ्यांच्या उंचीत सुमारे २९ इंचांचा फरक पडला होता, म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाएवढीच भर. दाब दुप्पट, आकारमान निम्मं, गुणाकार तोच.

असं का होतं? हवेचे रेणू भांड्याच्या भिंतीवर सतत आदळतात, तोच दाब. जागा निम्मी केली की ते दुपटीनं आदळतात. तापमान तेच, म्हणून त्यांचा सरासरी वेगही तोच. हवा तापली तर वेगच वाढतो, मग हा सोपा हिशेब कोलमडतो.

मुलांनो, सुई नसलेली सिरिंज घ्या. दट्ट्या वीसच्या खुणेवर ठेवा, तोंड बोटानं घट्ट बंद करा आणि सावकाश दाबा. दहाच्या खुणेशी आतला दाब दुप्पट झालेला असतो. सावकाश अशासाठी, की झटक्यात दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप भराभर मारला की बुडाशी गरम लागतो, त्याचं हे एक मोठं कारण.

गणितात मात्र एक जागा हमखास चुकते. पंक्चरच्या दुकानातला काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब तेवढा दाखवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे वातावरणाचा दाब चौरस इंचाला साधारण १४ पौंड. काट्यावर ३० दिसले तर सूत्रात ४४ घाला, तरच गुणाकार जुळेल.