बॅन्शीचा स्विंगआर्म लांब करताना

(टेकडीचा शॉट. पहिले दहा सेकंद फक्त इंजिनाचा आवाज.)

कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा, मेक्सिकोची बॉर्डर अगदी जवळ. नकाशावर नाव अल्गोडोनेस डून्स, साधारण ७० किलोमीटर लांब वाळूचा पट्टा, पण इथं येणारी माणसं ग्लॅमिस एवढंच म्हणतात. समोर दिसतेय ती ओल्ड्समोबाईल हिल. खालून दोन दोन गाड्या सुटतात आणि वर आधी कोण पोचलं एवढाच हिशोब.

आता डावीकडची गाडी बघा. यामाहा बॅन्शी, चार चाकांची क्वाड बाईक, १९८७ ला आली, अमेरिकेत शेवटचं मॉडेल २००६ चं. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आपल्याकडे राजदूत ३५० च्या आवाजावर जीव टाकणारी जी मंडळी आहेत त्यांचे कान इथं टवकारले असतील, कारण घराणं तेच आहे, फक्त हे इंजिन पाण्यानं थंड होतं.

आणि हा स्लो मोशन. पुढची दोन्ही चाकं हवेत. मागच्या टायरला वल्ह्यासारख्या आडव्या, वर उठलेल्या रबरी पट्ट्या आहेत, त्याला पॅडल टायर म्हणतात, तो वाळू असा काही पकडतो की गाडी पुढं जायच्या आधी वरच उठते, मग रायडरला थ्रॉटल सोडावा लागतो आणि रेस तिथंच गेली. यावर इलाज म्हणजे मागचं एक्सल अजून मागं न्यायचं, म्हणजेच स्विंगआर्म, मागचं एक्सल फ्रेमला जोडणारा आणि वर-खाली हलणारा दांडा, तो लांब करायचा. इथल्या भाषेत प्लस फोर, प्लस सिक्स, जितके इंच वाढवले तितके.

(गॅरेज. खोललेला जुना आर्म टेबलावर.)

पुढच्या टोकाला पिव्हटचा बोल्ट, ज्यावर आर्म वर-खाली फिरतो, मधे शॉकअपचं माउंट, मागं बेअरिंग कॅरिअर, म्हणजे एक्सलची बेअरिंगं धरणारं घर, आणि त्यातून आरपार एक्सल. दोन्ही चाकं याच एका एक्सलवर, त्यामुळे अख्ख्या मागच्या भागाचा भार या एवढ्याशा लोखंडातून फ्रेमला जातो.

बरेच जण काय करतात, जुना आर्म मधोमध सरळ कापतात, चार इंचाचा तुकडा घालतात आणि गोल वेल्डिंग मारून मोकळे होतात. दिसायला छान दिसतं, पण ते जोड नेमके तिथंच येतात जिथं आर्म वाकायला बघतो. जोडायचंच असेल तर काप तिरका हवा, आतून घट्ट बसणारी स्लीव्ह हवी आणि बाहेरच्या पाईपाला भोकं पाडून त्यातून पण वेल्ड पाहिजे. या गॅरेजवाल्याने तो नादच सोडलाय, तो सगळा आर्म नवा बनवतो, ४१३० क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमवाल्या पोलादाच्या पाईपात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

आता ही जिग, वेल्ड करताना सगळे भाग जागच्या जागी धरून ठेवणारा साचा. जाड प्लेटचं टेबल, एका टोकाला पिव्हटच्या जागी डमी शाफ्ट, दुसऱ्या टोकाला एक्सलच्या जागी डमी बार. हे दोन्ही गुण्यात आल्याशिवाय टॉर्चला हात नाही. तो आधी मधल्या रेषेपासून दोन्ही बाजू मोजतो, मग दोन्ही कर्ण, मग परत पहिल्यापासून, आमचा कॅमेरामन कंटाळला पण हा कंटाळला नाही. कारण एक्सल जरा जरी तिरकं बसलं तर गाडी एका बाजूला ओढत राहते आणि चेन स्प्रॉकेटचे दात खात बसते, आणि ते नंतर हातोडीनं सरळ होत नाही.

पाईपाची तोंडं खाच पाडून अशी बसवलीत की उजेड आरपार दिसत नाही. फट वेल्डनं भरायची सवय असेल तर ती इथं चालणार नाही.

साफसफाई ॲसिटोननं, आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचं. ब्रेक क्लीनर वापरू नका, क्लोरीनवाला असेल आणि जरासा जरी राहिला तर आर्कखाली त्याचा फॉस्जीन होतो, विषारी वायू, म्हणून तो डबा वेल्डिंगच्या टेबलाजवळ ठेवायचाच नाही. बंद पाईपाला एक बारीक भोक पण ठेवलंय, आतली गरम हवा बाहेर पडायला, नाहीतर शेवटच्या सेंटीमीटरला वेल्ड फुगून फुटतो.

(आर्कचा क्लोजअप, निवेदन थांबवा.)

टिग वेल्डिंग, त्यावर आर्गन वायूचं आवरण, भरायला ईआर ७०एस-२ ची तार. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे छोटे छोटे टाके, मग थोडं इकडे थोडं तिकडे, समोरासमोर, म्हणजे उष्णतेनं आर्म एका अंगाला ओढला जात नाही. झाल्यावर पाणी नाही, फुंकर नाही, पंखा पण बंद. क्रोमोलीत कार्बन साधारण ०.३ टक्के, पटकन थंड केलं की वेल्डच्या कडेला कडक आणि ठिसूळ होतं.

हे लाल दिसतंय ते डाय पेनेट्रंट, वेल्डमधले बारीक तडे शोधायचा रंग. लावायचं, थांबायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असेल तर लाल रेघ आपोआप वर येते. इथं एकही रेघ नाही.

शॉकअपचं शूटिंग नाही म्हणून नुसतं सांगतो. पहार जितकी लांब तितकं कमी जोरात ओझं हलतं, तसंच इथं. पिव्हटपासून एक्सल समजा ४० सेंटीमीटरवर होतं ते ५० वर नेलं आणि शॉकअपचं माउंट जागेवरच ठेवलं तर चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा ६४ टक्क्यांवर येतो, म्हणजे स्प्रिंग बदलावीच लागते. मागच्या ब्रेकचा होज आणि पार्किंग ब्रेकची केबल पण लांब घ्यायची, आर्म पूर्ण खाली लोंबकळला तरी ताण येता कामा नये.

चेनचा हिशोब मजेशीर आहे. ५२० चेनची कडी पाच अष्टमांश इंचाची, आर्म चार इंच वाढला की चेन आठ इंच वाढणार, त्यात कड्या बसतात १२.८, आणि कड्या तर जोडीनंच वाढतात. आर्म पावणेचार इंच वाढवला असता तर बरोबर १२ बसल्या असत्या! आता कॅरिअर फिरवून जमवलंय.

लांब आर्मची गाडी वळायला जड, वाळूच्या कड्यावर पोट टेकवते, आणि उड्या मारायला तर अजिबातच नाही, तिथं आर्म वाकतो किंवा तुटतो आणि फुल स्पीडला तुटला तर रायडर पण जातो.

पावडर कोटिंग सध्या नाही. फिकट रंगाचा पातळ प्रायमर मारलाय, तडा गेलाच तर गंजाची रेघ लगेच दिसावी म्हणून, आणि पहिल्या राईडनंतर पिव्हट आणि कॅरिअरचे बोल्ट परत टॉर्क करून, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळून, पुन्हा तो लाल डाय.