४.२ शेजारी

मंडळी, आजच्या विषयाचं नाव जड आहे, ‘विस्कळीत मिश्रधातूंच्या चुंबकत्वाचं संगणकीय गणित’, म्हणून आधी एका पट्टीची गोष्ट सांगतो.

शार्ल गियोम फ्रान्समध्ये सेव्रच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत काम करायचे. मीटरची प्रमाण पट्टी प्लॅटिनम-इरिडियमची, अतिशय महाग. स्वस्त पर्याय शोधताना, १८९६च्या सुमारास, त्यांना लोखंड-निकेलचा एक मिश्रधातू सापडला. त्यात निकेल ३६ टक्के, बाकी लोखंड. तापवला तरी जेमतेमच वाढणारा. एक किलोमीटर लांबीचा लोखंडी रूळ ३० अंशांनी तापला तर सुमारे ३६ सेंटिमीटर वाढेल. या धातूचा असता तर चारसुद्धा नाही. नाव पडलं इन्व्हार. १९२० साली गियोमना नोबेल मिळालं. पण धातू असा का वागतो, हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.

उत्तर चुंबकत्वात आहे, एवढं लवकर कळलं. गरम केल्यावर अणूंची थरथर वाढते आणि धातू फुगू पाहतो. त्याच वेळी त्यातली चुंबकीय शिस्त, म्हणजे अणूंच्या छोट्या चुंबकांनी एकाच दिशेने तोंड करणं, मोडत जाते, आणि ती मोडली की धातू आकसू पाहतो. एक ढकलतो, दुसरा ओढतो, पट्टी जागच्या जागी. प्रश्न असा की हे गणितातून कसं काढायचं?

इथे आमची पंचाईत सुरू होते. शुद्ध लोखंड शाळेच्या प्रार्थनेसारखं असतं, सगळे रांगेत. एक अणू समजला की बाकीचे समजले. इन्व्हारमध्येही जागा रांगेतच आहेत, पण कोणत्या जागेवर लोखंड बसलंय आणि कुठे निकेल, याला धरबंध नाही. चिवड्यात शेंगदाणा कुठे येईल ते सांगता येतं का? फक्त ३२ जागांची पेटी घ्या आणि त्यात ११ निकेल बसवा. मांडण्या होतात १२ कोटी ९० लाखांच्या वर. त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या आरशातल्या बहिणी असतात हे खरं, पण उरतात त्याही पुष्कळ.

मी पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा आळसाने आठच अणू घेतले. उत्तर झटकन आलं, दिसायलाही छान होतं. मग लक्षात आलं, संगणक तीच पेटी चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा मांडतो. म्हणजे अव्यवस्था म्हणून मी जे मोजलं, ते साडीच्या काठासारखं नेमाने येणारं नक्षीकाम होतं. (आठवडाभर खूश होतो मी त्यावर.)

यातून दोन वाटा निघतात. एक १९६७ सालची, पॉल सोव्हेन यांची. तिला सीपीए म्हणतात, कोहेरंट पोटेन्शियल अप्रॉक्सिमेशन. खरे अणू बाजूला ठेवायचे आणि प्रत्येक जागी एक काल्पनिक ‘सरासरी’ अणू बसवायचा. तो कसा निवडायचा? त्याच्या जागी कधी लोखंड, कधी निकेल आणून ठेवलं, तर येणाऱ्याजाणाऱ्या इलेक्ट्रॉनना सरासरीने काही फरक जाणवता कामा नये. कल्पना देखणी आहे, आणि गणित अतिशय स्वस्तात होतं. दुसरी वाट १९९०ची, अ‍ॅलेक्स झुंगर आणि सहकाऱ्यांची. पेटी छोटीच ठेवायची, पण मांडणी अशी निवडायची की शेजारपाजारचं प्रमाण खऱ्या विस्कळीत धातूशी जुळेल.

मला सीपीए आवडते, पण इन्व्हारच्या बाबतीत तिच्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. इन्व्हारमधल्या अणूंच्या जाळीत प्रत्येक अणूला १२ सख्खे शेजारी असतात. अणूंच्या हिशोबात निकेल ३५ टक्के धरलं, तर सरासरी ४.२ निकेल शेजारी. पण ४.२ शेजारी कोणालाच नसतात! कुणाला दोन, कुणाला सात. आणि लोखंडाच्या अणूचा स्वभाव नेमका यावर ठरतो. निकेल भरपूर असलं तर तो मुकाट्याने सगळ्यांच्या दिशेने तोंड करून उभा राहतो. त्याचं चुंबकत्व सुमारे अडीच बोर मॅग्नेटॉन (अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक), निकेलचं जेमतेम ०.६. पण भोवती लोखंडच दाटलं, अंतरही कमी झालं, की त्याची दिशा डळमळू लागते. काही लोखंडी जोड्यांना तर उलट तोंडं करून उभं राहायचं असतं.

आर. जे. वाइस यांनी १९६३ साली सुचवलं होतं की लोखंडाच्या दोन अवस्था असतात, एक मोठ्या आकाराची आणि जास्त चुंबकत्वाची, दुसरी लहान. तापलं की अणू पहिलीतून दुसरीत जातात. सुटसुटीत चित्र! पण प्रयोगांत अशा दोन स्वच्छ अवस्था काही हाती लागल्या नाहीत. १९९९ साली व्हॅन शिल्फगार्दे, अब्रिकोसोव आणि योहान्सन यांनी स्पिनना, म्हणजे अणूंच्या त्या छोट्या चुंबकांना, वर-खाली एवढ्याच दिशांत न कोंडता हवं तिकडे वळू दिलं. तेव्हा दिसलं की आकारमान घटू लागलं की स्पिन एकदम उडी न मारता हळूहळू तिरके होत जातात.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या ब्रेंट फुल्ट्झ यांच्या गटाने इन्व्हारवर दाब देऊन अणूंच्या थरथरीचा आणि चुंबकत्वाचा वाटा वेगवेगळा मोजला. दोन्ही एकमेकांना जवळपास पुरते खोडतात, हे त्यांनी दाखवलं. शिवाय थरथर आणि स्पिन एकमेकांत गुंतलेले आहेत, हेही. आता गंमत बघा. मघापासून मी सांगितलेल्या गणितांत अणू खुंटीला बांधल्यासारखे जागेवर स्थिर होते. ते सोडायचे, म्हणजे प्रत्येक थरथरीबरोबर प्रत्येक शेजाऱ्याचं अंतर बदलणार, आणि अंतर बदललं की स्पिनची दिशा. सध्या आमचे संगणक रात्रंदिवस तापतात ते याच कामात.