उतू नये, मातू नये

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावाखाली 'समाजसेविका' असं छापलंय. ते खोडा. मी टेलर आहे. 31 वर्षं ब्लाउज शिवतेय. समोर बसलेल्या निदान चौघींचे आत्ता अंगात असलेले ब्लाउज माझ्या हातचे आहेत, त्यातल्या एकीचे पैसे यायचेत. नाव घेत नाही.

सेवेची वाट कशी सापडली, असा विषय मला दिलाय. सापडली म्हणजे काय, तर मी दुसऱ्याच वाटेनं निघाले होते.

माझी आई 2006 साली तोंडाच्या कॅन्सरनं गेली. जन्मभर मिशरी लावायची. शेवटचे दोन महिने नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांवर काढले तिनं. रात्री उशीचा कोपरा दातांत धरायची, म्हणजे आम्हाला आवाज जाऊ नये. मॉर्फिन नावाचं औषध असतं, ते अशा दुखण्याला चालतं, तोंडानं घ्यायच्या साध्या गोळीतसुद्धा मिळतं, हे मला पुढं किती वर्षांनी कळलं. आपल्याकडं अमली पदार्थांचा कायदा 1985 सालचा. त्याच्या परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन असं अडकलं की औषध दुकानांतून ते जवळजवळ दिसेनासं झालं. 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली, परवान्याची भानगड कमी झाली. आई त्याआधी आठ वर्षं गेलेली. आता कुणाच्या उशाला ती गोळी बघितली की मी आधी तारीख बघते आणि मग मनातल्या मनात एक हिशेब करते. तो कधीच जुळत नाही.

तर तो सल घेऊन मी एका संस्थेत गेले. ही संस्था बरं न होणाऱ्या आजारातल्या लोकांकडं घरी जाऊन काम करते. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत परिहार सेवा वगैरे शब्द आहेत, पण मिरज तालुक्यातल्या गावांत आम्हाला 'दुखण्यावाल्या बायका' म्हणतात आणि तेच बरोबर वाटतं. हे काम आपल्या देशात फार जुनं नाही. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं 1986 मध्ये. केरळात कोझिकोडला 1993 मध्ये डॉक्टर मंडळींनी सोसायटी काढली, आणि पुढं तिथं रिक्षावाले, शाळामास्तर, कॉलेजची पोरं असे शेजारपाजारचे लोकच यात उतरले. डॉक्टर कमी आणि शेजारी जास्त, हा त्यांचा हिशेब. मला तो फार पटतो. आमच्याही संस्थेत तसंच. सिस्टर जखम बघणार, औषध बघणार, आम्ही बाकीचं.

बाकीचं म्हणजे काय, ते मला शिकवलं होतं. कूस कशी बदलायची, टाच गादीला टेकू नये म्हणून काय करायचं, तोंड आतून कसं पुसायचं. जखमेला वास येत असेल तर जुलाबावर देतात ती मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून त्याची पूड जखमेवर टाकतात. वास खरंच उतरतो. नातवंडं पुन्हा खोलीत यायला लागतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरं सांगितलं होतं, पेशंटच्या घरी कमी बोला. ते मी ऐकलं नव्हतं.

पहिलं घर होतं कवलापूरकडचं. मावशी साठीच्या, छातीचा कॅन्सर, एक बाजू काढलेली, आणि तरीही आजार हाडांत उतरलेला. मी खाटेजवळ बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि जे काही धीराचं बोलायचं पाठ करून गेले होते, त्यातलं पहिलं वाक्य काढलं. दुसरं आलंच नाही. मला आईची उशी दिसली आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "गप, गप. आगं सूनबाई, हिला च्या टाक." अर्धा कप चहा पिऊन मी सावरले. बाहेर पडल्यावर सिस्टर म्हणाल्या, "रडलात त्याचं काही नाही हो. पण आज ताकद कुणाची खर्च झाली?"

आपल्या व्रताच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. लहानपणी मला वाटायचं, उतणं म्हणजे गर्व करणं. तसा अर्थ आहेच. पण उतणं हा मुळात चुलीवरचा शब्द. दूध उततं. भरून वर येतं, कडेवरून जातं आणि शेगडी विझवतं. मी त्या दिवशी उतले. माझी माया खरी होती, पण ती सगळी त्यांच्या शेगडीवर सांडली.

दुसऱ्या खेपेला गप्प बसले. तिसऱ्या खेपेला मावशी माझ्याकडं बघत होत्या. म्हणजे माझ्या तोंडाकडं नाही, खांद्याकडं. म्हणाल्या, "ह्यो झंपर कुणी शिवलाय वो?"

"मीच."

"बगलंत ओढत न्हाई न्हवं?"

"नाही. का?"

त्यांनी पदर बाजूला केला. ऑपरेशन झालेल्या बाजूला ब्लाउज रिकामा, आत ओढणीचा बोळा खुपसलेला. बोळ्याला वजन नाही, त्यामुळं तो वर सरकून गळ्याशी आलेला. दुसरी बाजू खाली ओढत होती, म्हणून मान आणि खांदा एका बाजूला कललेला. आणि ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजलेला. काखेतल्या गाठी काढल्या की काही बायकांचा हात असा सुजतो. बाही इतकी रुतली होती की दंडावर वळ होता. दीड वर्ष त्या बाई तशा होत्या. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, आम्ही जखम बघितली, मी तर त्यांच्या डोळ्यांत बघून रडले. मी, जी बायकांच्या अंगाकडं बघूनच पोट भरते, तिला झंपर दिसला नव्हता.

सिलिकॉनचा तयार स्तन मिळतो, पण त्याची किंमत हजारांत. मी घरी गेले आणि रात्री मशीनवर बसले. मऊ जुन्या साडीची कटोरी कापली, आत कापूस भरला. दिसायला झकास, पण वजनाला काहीच नाही. मग कापसाच्या मधोमध मोहरीची पुरचुंडी बसवली. पहिल्यांदा पावशेर घातली, ती जास्त झाली, खांदा उलट्या बाजूला कलला. कमी करत करत दीडशे ग्रॅमवर जमलं. ब्लाउजच्या अस्तरात खिसा केला, म्हणजे घामानं ओलं झालं तर पुरचुंडी काढून वाळवता येईल. त्या बाजूचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, दोन बोटं ढिला, बाहीला खालून चीर आणि चिकटपट्टी. हुक पुढं, मोठे, कारण सुजलेल्या हाताच्या बोटांना बारीक हुक सापडत नाहीत.

मावशी घालून उभ्या राहिल्या. सुनेनं भिंतीवरचा आरसा काढून आणला. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आन् फोडणीला मोहरी सरली, तर?" आणि अशा हसल्या की त्यांना धाप लागली.

तिथून माझं काम सुरू झालं. लघवीच्या नळीच्या पिशवीला कापडी कव्हर, म्हणजे माणसाला दारात बसता येतं. पोटाला पाणी धरलेल्या बायकांसाठी नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर. टाचेखाली घालायच्या चुंबळीसारख्या उशा. मार्केट यार्डातले एक हमाल होते, आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावलेली. भजनाला जाणं त्यांनी बंद केलं होतं. पिशवी सुटेल, वास येईल, ही धास्ती. त्यांना दोन पदरी कमरपट्टा शिवून दिला, वरून धोतर नेसलं तर कळत नाही. ते मंडळात जाऊन दाराशी बसले. टाळ वाजवला की नाही ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

मधेच एक सांगते, राग आहे म्हणून. एकदा एका हॉस्पिटलात, नाव जाऊ द्या, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फळवाटप झालं. अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशंटच्या हातात केळं दिलं आणि फोटो काढला. त्याला थुंकी गिळता येत नव्हती. माणूस दिवसभर ते केळं उशाशी ठेवून त्याच्याकडं बघत होता. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला मान्य आहे. माझ्याही मनात पहिल्या दिवशी काही वाईट नव्हतं.

सिसिली सॉन्डर्स नावाच्या इंग्रज बाई होत्या. मरणाच्या दारातल्या माणसाच्या दुखण्यावर ज्यांनी आजच्या काळात पहिल्यांदा शिस्तीनं काम केलं, त्या या. आधी नर्स. पाठीच्या दुखण्यानं नर्सचं काम सुटलं, मग हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या. त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक ज्यू पेशंट भेटला. परक्या देशात एकटा, वय चाळिशीचं. दोघं बोलायचे, अशा माणसांसाठी एखादी जागा असावी याबद्दल. 1948 साली तो गेला तेव्हा 500 पौंड ठेवून गेला, तुमच्या घरातली एक खिडकी मी होईन असं म्हणून. बाईंकडं घर नव्हतं, नुसती खिडकी. एका सर्जननं सांगितलं, नर्स म्हणून तुमचं कुणी ऐकणार नाही, डॉक्टर व्हा. 1957 साली, चाळिशीला टेकताना, डॉक्टर झाल्या. लंडनचं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अशा माणसांना शेवटपर्यंत सांभाळणारं घर, उघडलं 1967 मध्ये. खिडकी मिळाल्यापासून घर व्हायला 19 वर्षं. मला यातला त्या बाईंचा मोठेपणा नंतर कळला. आधी भावली ती खिडकी. म्हटलं, माझी मोहरीची पुरचुंडी हाताशी आहे, घराचं बघू.

पण हे इथंच संपलं असतं तर मी तुमच्याशी खोटं बोलले असते.

एक मुलगी होती. मुलगीच म्हणते, वय 34, दोन लहान पोरं. शेवटच्या दिवसांत अंगभर सूज. एक दिवस नवऱ्याला औषध आणायला पाठवलं आणि मला म्हणाली, "ताई, मला नेतील तेव्हा हिरवी साडी नेसवतील. लग्नातला ब्लाउज आता दंडात पण जाणार नाही. जाऊबाई नुसता पदर गुंडाळतील. तुम्ही शिवाल?" मी हो म्हटलं. माप घेतलं. टेप हातात असली की माझे हात थरथरत नाहीत, ही एक सवय. ती म्हणाली, गळा मोठा नको. आणि कापताना मला कळलं की हा ब्लाउज नेहमीसारखा शिवून चालणार नाही. गेलेल्या माणसाचे हात वळत नाहीत. पाठ पूर्ण उघडी हवी, पुढून चढवून मागं नुसती खोचता येईल अशी. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. हिरव्या खणाचा शिवला. काठ बाहीला आला. अकरा दिवसांनी तो वापरला.

त्यानंतर चार महिने मी मशीनवर बसले नाही. गिऱ्हाइकांचेसुद्धा कपडे परत केले. हिरवं कापड दिसलं की मळमळायचं. संस्थेचा फोन उचलायचं बंद केलं. घरचे म्हणाले, झालं ना समाधान, आता पुरे. आईचा सल मला तिथवर घेऊन गेला होता, पण तो तिथं टिकवायला कामाचा नव्हता. अपराधीपणाच्या पैशावर दुकान फार दिवस चालत नाही.

बाबा आमट्यांची तुळशीरामाची गोष्ट आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असते. वरोऱ्याला भर पावसात रस्त्याकडेला पडलेला कुष्ठरोगी, आणि मग आनंदवन. पण आपण ती सांगताना मधलं एक वाक्य घाईनं म्हणतो. बाबा त्याला बघून आधी पळाले होते. स्वतःच सांगायचे ते. कुणाला मदत करायला नव्हे, त्या भीतीशी निपटायला मी हे काम घेतलं, असं म्हणायचे. माझी आणि त्यांची बरोबरी नाही. पण त्या चार महिन्यांत मला आनंदवनाचा काही उपयोग झाला नाही, त्या पळण्याचा झाला.

परत कशी गेले? काही साक्षात्कार नाही. सिस्टर घरी आल्या, चहा घेतला, कशा आहात विचारलं नाही. म्हणाल्या, "माळेवाडीच्या बाईंचा हात सुजलाय, बाही रुततेय. मुंढा किती ढिला ठेवायचा?" मी म्हटलं, दोन बोटं. त्या म्हणाल्या, "माझी बोटं की तुमची?" मी मशीनवरचं कव्हर काढलं.

आता मी नेम केलाय. आठवड्यात दोन दुपारी. मयतीला जात नाही, दहाव्यानंतर घरी भेटून येते. वर्षातून एक महिना पूर्ण बंद. आधी याची लाज वाटायची, घेतला वसा टाकू नये ना! पण त्याच कहाण्यांत वशाला उद्यापन सांगितलेलं असतं. वसा घेताना तो संपवायचा कसा, हेही विचारून घ्यायचं असतं. नव्या येणाऱ्या बायकांना मी हे आधी सांगते. त्यांतली एक नुसती भाकरी करायला येते. पेशंटशी एक शब्द बोलत नाही. पेशंटच्या बायकोला तेवढा तासभर झोप मिळते. दुसरी फक्त अर्ज भरते, बँकेतून निवृत्त झालेली. तिसरी येऊन बसते नुसती, आणि तिच्याइतकं चांगलं बसता मला अजून येत नाही.

वेळ झालीय, अध्यक्ष घड्याळ बघतायत. शेवटी एक काम आहे. येताना पिशवीत दोन-तीन नमुने आणलेत, टेबलावर ठेवते, हात लावून बघा, मोहरीची पुरचुंडी दाबून बघायला हरकत नाही. मला जुन्या सुती साड्या पाहिजेत. धुतलेल्या, मऊ झालेल्या, फॉल काढून आणल्यात तर उपकार होतील. नऊवारी असेल तर उत्तमच, कापड जास्त निघतं. सिंथेटिक आणू नका, घामोळं येतं. आणि आता मला संध्याकाळी सुईत दोरा दिसत नाही, तर मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी तीनला कुणी ओवून द्यायला येणार असेल, तर बाहेर चपलांपाशी मला भेटा.